फ्लायव्हील ओके, तरी इंजिन हलायलंय

टेस्ट बेडवरच्या, म्हणजे चाचणीच्या चौथऱ्यावरच्या, इंजिनाला ब्रेक लावायचा तर पाणी लागतं, आणि आमच्याकडं पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्यामुळं माझ्या जुन्या पद्मिनी गाडीचं इंजिन डायनोवर (इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर) कधी चढवायचं हे मी ठरवलं नाही, मिस्त्री चाचांनी ठरवलं नाही आणि संभाजीनगरच्या ज्या कॉलेजात तो डायनो होता तिथल्या सरांनीही ठरवलं नाही. ते नळानं ठरवलं. रब्बीच्या पिकाला पाण्याच्या पाळ्या देतात तशा माझ्या इंजिनाला तीन पाळ्या लागल्या.

गाडी अण्णांची, म्हणजे वडिलांची. १९८९ साली त्यांनी ती सेकंडहँड घेतली. प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, ६८ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), गिअरचा दांडा स्टिअरिंगला. अण्णा गेल्यावर चार वर्षं ती जालन्यात आमच्या दारात ताडपत्रीखाली उभी होती. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि आयुष्य बँकेत व्हाउचर तपासण्यात घातलं. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा घरच्यांना वाटलं मी तीर्थयात्रेला जाईन. मी ताडपत्री काढली.

इंजिन बांधायला चाचांकडं दिलं. कुंडलिका नदीच्या पलीकडं, जुन्या जालन्यात त्यांचं गॅरेज आहे. ही गाडी त्यांनी अण्णांच्या वेळेपासून पाहिलेली. उघडायच्या आधी त्यांनी एकदा चालू करून ऐकली. मागच्या बाजूनं टक्‌-टक्‌ असा आवाज येत होता, आणि क्लच दाबला की तो बदलायचा. "मेन बेअरिंग गेलं असंल," चाचा म्हणाले. बेअरिंग गेलंच होतं, पण टकटक त्याची नव्हती. गिअरबॉक्स मागं ओढल्यावर कळलं की फ्लायव्हीलचे, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला फिरणाऱ्या जड चकतीचे, बोल्ट ढिले होते. फ्लायव्हील क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) फ्लँजवर आपटत होतं आणि दोघांच्या मधून लालसर पूड सांडत होती. दोन लोखंडं एकमेकांवर बारीक घासत राहिली की अशी गंजाची भुकटी होते. ती पूड आम्ही फडक्यानं पुसून टाकली. पुढचं सगळं रामायण त्या पुडीतच होतं.

बाकीचं काम सांगण्यासारखं काही नाही. रीबोअर, नवे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, अंडरसाइज शेल, व्हॉल्व्ह सीट. ज्यांनी एकदा इंजिन बांधलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही त्यांना वाचून कंटाळा येईल.

फ्लायव्हील मात्र लेथवर पाठवलं. क्लच प्लेट जिथं घासते तो भाग चरे पडून निळा झाला होता, त्याला फेसिंग करायचं, म्हणजे तोंड कापून सपाट करायचं होतं. कडेच्या रिंग गिअरचे (स्टार्टर ज्यात अडकतो त्याचे) दातही गेले होते, नवी रिंग तापवून चढवायची होती. लेथवाल्यानं दोन्ही कामं केली आणि वर एक काम न सांगता केलं. फ्लायव्हीलच्या मधलं गोल भोक, म्हणजे ज्या बोअरनं ते क्रँकच्या खांद्यावर बसतं, ते आतून खडबडीत, खड्डे पडलेलं होतं. त्यानं ते "साफ करून" दिलं. एक पास घेतला, खड्डे राहिले, म्हणून आणखी एक घेतला. बोअर आरशासारखा चकचकीत झाला. आम्ही दोघंही खूश. चाचांनी तर त्या पोराला चहाही पाजला.

फ्लायव्हील बॅलन्स करायचं हा माझा हट्ट. चाचांच्या मते गरज नव्हती, "इतकी इंजनं बांधली, कधी बॅलन्स नाही केलं." पण फेसिंग झालेलं, रिंग नवी, कुठं किती माल कमी-जास्त झालाय कुणाला ठाऊक. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाचा क्रँक सममित असतो, त्याला नकली वजनं लटकवून बॅलन्स करावं लागत नाही, पण फ्लायव्हील म्हणजे साडेसात किलोची थाळी, मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांनी फिरणारी. दहा ग्रॅमची गाठ तिच्या कडेला, केंद्रापासून १२ सेंटीमीटरवर असली तर ४००० फेऱ्यांना ती एकवीस किलोच्या जोरानं बाहेर ओढते, आणि तीही एका दिशेला नाही, सेकंदाला ६७ वेळा गरगर फिरत. फेऱ्या दुप्पट केल्या की ओढ चौपट. हा गतीच्या वर्गाचा हिशोब डिप्लोमात पाठ केलेला, पण हातात फ्लायव्हील असल्याशिवाय तो अंगाला लागत नाही.

संभाजीनगरजवळ वाळूजच्या एमआयडीसीत बॅलन्सिंगवाला सापडला. फ्लायव्हील पातळ असल्यामुळं एकाच पातळीत बॅलन्स केलं तरी चालतं, क्रँकसारखी दोन टोकांची भानगड नसते. त्यानं ते मँड्रेलवर (मधल्या भोकात बसणाऱ्या दांड्यावर) चढवलं, फिरवलं, पडद्यावर जड जागा आली, तिथं मागून ड्रिल. दहा मिलीच्या ड्रिलनं दहा मिली खोल भोक पाडलं की बिडाचे साडेपाच ग्रॅम जातात. (बीड म्हणजे ओतीव लोखंड, गाव नव्हे. बीडचा एक कारागीर तिथं होता, तो या विनोदाला कंटाळलेला दिसला.) दोन भोकं, एक छोटी टिचकी, आणि कागद हातात: शिल्लक असंतुलन ४१ ग्रॅम-मिलिमीटर (जादा वजन गुणिले त्याचं केंद्रापासूनचं अंतर), चालणारी मर्यादा ९०. फ्लायव्हीलवर त्यानं पिवळ्या रंगानं 'ओके' लिहिलं. ही मर्यादा कुठून येते ते मी विचारून घेतलं. आयएसओच्या प्रतवारीत फ्लायव्हील जी ६.३ मध्ये येतं; ५००० फेऱ्यांना त्याचा अर्थ दर किलोमागं साधारण १२ ग्रॅम-मिलिमीटर. साडेसात किलोला नव्वद. हा १२ चा आकडा लक्षात ठेवा, पुढं त्यानंच माझी झोप उडवली.

डायनोवर चढवायचं कारण सांगतो, कारण चाचा शेवटपर्यंत विचारत होते. नवं बांधलेलं इंजिन गाडीत टाकून रस्त्यावर रन-इन करता येतंच. सगळे तेच करतात. पण मला आकडा हवा होता. बांधलेलं इंजिन किती ताकद देतं हे एकदा तरी मोजून बघायचं होतं. भाचा त्या कॉलेजात शिकलेला, त्याच्या सरांनी सुट्टीतल्या रिकाम्या प्रयोगशाळेत परवानगी दिली. विद्यार्थ्यांना दाखवायला जितं-जागतं इंजिन मिळतंय म्हणून तेही उत्सुक होते.

डायनो जुना, पाण्याचा. ही पद्धत विल्यम फ्रूड यांनी १८७७ साली काढली आणि तत्त्व अजून तेच आहे. आत खोलगट खोबण्यांचा रोटर इंजिन फिरवतं, समोर तशाच खोबण्यांचं बाहेरचं कवच, मधे पाणी. रोटर पाणी कवचावर फेकतो, कवच फिरू बघतं, त्याला एका दांड्यानं आणि स्प्रिंगच्या काट्यानं धरून ठेवायचं. काट्यावरचं वजन गुणिले फेऱ्या भागिले एक स्थिरांक, झाली अश्वशक्ती. इंजिनाची सगळी मेहनत शेवटी पाणी तापवण्यात जाते. ४० अश्वशक्ती म्हणजे ३० किलोवॅट, आणि तेवढी उष्णता २० अंशांच्या फरकात न्यायची तर मिनिटाला एकवीस-बावीस लिटर पाणी, तासाला तेराशे. कॉलेजात ते टाकीतून फिरवून वापरत होते, तरी मे महिन्यात टाकी आधीच कोमट. टाकी भरलेली असेल त्याच दिवशी चाचणी. जायकवाडीचं पाणी साठ किलोमीटरवर असून शहर नळाची वाट बघतं, त्यात आमचं इंजिनही रांगेत उभं राहिलं.

पहिली पाळी. पिकअपमध्ये गाद्या टाकून इंजिन जालन्याहून नेलं. गाडीत फ्लायव्हीलच्या मागं क्लच असतो. टेस्ट बेडवर क्लच नव्हता. फ्लायव्हीललाच जाड पोलादी गोल प्लेट बोल्टनं बसवली, तिला कार्डन शाफ्ट (सांधे असलेला फिरता दांडा), शाफ्टचं दुसरं टोक डायनोला, वरून लोखंडी जाळीचा पिंजरा. इंजिन पहिल्या अर्ध्या चावीत चालू झालं. चाचांनी हात जोडले. अर्धा तास १५०० फेऱ्यांवर, हलका भार, तेलाचा दाब व्यवस्थित, कुठं गळती नाही. २००० लाही छान. सरांनी थ्रॉटल पुढं सरकवला.

२५०० च्या पुढं टेस्ट बेडच हलू लागला. २७०० ला काट्याची सुई इकडून तिकडं इतकी नाचायला लागली की आकडा वाचणं शक्य नव्हतं. बाकावरचा पाना सरकत सरकत खाली पडला. "बंद करा, बंद करा! जाळी उडंल!" चाचा ओरडले. सरांनी थ्रॉटल सोडला, फेऱ्या उतरल्या, आणि उतरताना पुन्हा २७०० जवळ एक धडका बसून शांत झालं. ज्यांनी जात्यावर दळताना खुंटा ढिला झालेला अनुभवलाय त्यांना ते अंगात कळेल.

लगेच प्रत्येकाचं निदान सुरू झालं. भाचा म्हणाला, एक सिलिंडर मिस होतोय. चाचा म्हणाले, डायनो म्हातारा आहे, त्याचंच बेअरिंग गेलंय. मी गप्प होतो, कारण माझ्या खिशात ४१ ग्रॅम-मिलिमीटरचा कागद होता आणि फ्लायव्हील सोडून कशावरही संशय घ्यायला मी तयार होतो.

सरांनी घाई केली नाही. यंत्रगतिकीच्या प्रयोगशाळेतून कंप मोजायचा सेन्सर आणला, चुंबकानं ब्लॉकला चिकटवला आणि इंजिन पुन्हा २७०० पर्यंत नेऊन चार सेकंदांत खाली आणलं. पडद्यावर शेंड्यांसारख्या रेघा आल्या. त्यांनी जे समजावलं ते मला पंचवीस वर्षं उशिरा कळलं. २७०० म्हणजे सेकंदाला ४५ फेऱ्या. चार सिलिंडरचं सरळ इंजिन जन्मतःच थोडं थरथरतं, पण ती थरथर फेऱ्यांच्या दुप्पट असते, म्हणजे ९० वर. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळं पिस्टन वरच्या अर्ध्या भागात जास्त झपाट्यानं जातो, खालच्या अर्ध्यात कमी, आणि वर जाणारे दोन नि खाली येणारे दोन एकमेकांचं पूर्ण फेडत नाहीत. ती कुठल्याही पद्मिनीत असणारच. एखादा सिलिंडर मिस होत असेल तर तो दोन फेऱ्यांत एकदा धक्का देतो, म्हणजे शेंडी साडेबावीसवर. तिथं जवळजवळ काहीच नव्हतं. उंच शेंडी होती ती बरोबर ४५ वर. फेरीला एक. म्हणजे जे काही बिघडलंय ते क्रँकबरोबर फिरतंय आणि त्याची एक बाजू जड आहे. पुली, क्रँक, फ्लायव्हील, प्लेट, शाफ्ट. आरोपी पाच. २७०० लाच जास्त का, तर त्या बेडची स्वतःची थरथरण्याची गती तिथंच जवळपास आहे. ओढ आधीपासून असते, बेड तिथं तिला साथ देतो.

रिकामं इंजिन चालवायला ब्रेकचं पाणी लागत नाही. म्हणून त्याच दुपारी कार्डन शाफ्ट काढला आणि इंजिन मोकळं चालवलं. थरथर कमी झाली, गेली नाही. मोकळं इंजिन फार पळवायचं नसतं, भार नसला की फेऱ्या हातातून सुटतात, तेव्हा जपून. प्लेट काढली. आणखी कमी झाली, तरी गेली नाही. प्लेट दुसऱ्या मँड्रेलवर तपासली तर ती निर्दोष. आता क्रँक आणि पुली तेवढी राहिली; क्रँक सममित, पुली हलकी आणि नवी. सगळ्यांचं बोट फ्लायव्हीलकडं.

फ्लायव्हील घेऊन मी पुन्हा वाळूजला. बॅलन्सिंगवाल्यानं कपाळाला आठ्या घालत ते मँड्रेलवर चढवलं, फिरवलं. ४३. मागच्या वेळी ४१, आता ४३. "मशीन खोटं बोलतं का? तुमचं इंजिन बघा," म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं, हे आता लिहिताना कबूल करतो. त्या दिवशी मी रागानं दुसऱ्याकडंही जाऊन आलो. तिथं ३८.

दुसरी पाळी आठवड्यानं. फ्लायव्हील बसवलं, प्लेट, शाफ्ट, पिंजरा. चालू केलं. आणि थरथर निम्मी! २७०० पार झाले, काटा वाचता आला. चाचा म्हणाले, "वाळूजवाल्यानं गुपचूप काहीतरी केलंय, मान्य करायला लाजतोय." मलाही तसंच वाटायला लागलं. पण सरांना ते पटेना. काहीच न करता निम्मं होतं ते काहीच न करता दुप्पटही होईल, म्हणाले. त्यांनी फ्लायव्हील पुन्हा उतरवायला लावलं आणि जसंच्या तसं बसवायला सांगितलं. तेच बोल्ट, तीच भोकं, तोच टॉर्क. चाचा वैतागले, पण त्यांनी बसवलं. चालू केलं तर पहिल्या दिवसापेक्षा वाईट.

आम्ही सगळे एकमेकांकडं बघत होतो तेव्हा कोपऱ्यातून प्रयोगशाळेतले मामा पुढं आले. आयटीआयचे टर्नर, तिथं सहायक म्हणून नोकरी, आणि इतका वेळ फक्त नळ-व्हॉल्व्ह सांभाळत होते. त्यांनी चाचांना एकच विचारलं, "बोल्ट आवळताना क्रँक कुठं होता?"

चाचांना प्रश्नच कळला नाही. मलाही. कुठंही असेना, फ्लायव्हील खांद्यावर बसतं, मग कुठं का असेना.

"खांद्यावर बसतं का?"

मामांनी कपाटातून डायल गेज आणलं. चुंबकी स्टँड ब्लॉकला, सुई फ्लायव्हीलच्या कडेला, रिंग गिअरच्या मागच्या साफ पट्ट्यावर. पुढून पुलीचा बोल्ट पान्यानं धरून क्रँक हळूहळू फिरवला. सुई शून्यापासून निघाली आणि अर्ध्या फेरीत ०.६ मिलीवर गेली, पुढच्या अर्ध्यात परत शून्य. त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा ०.६. मग थाळीच्या तोंडावर सुई लावून डगमग बघितली. तेव्हा क्रँक एका बाजूला दाबून धरायला लावला, नाहीतर एंड-प्लेच, म्हणजे क्रँकची पुढं-मागं सरकायची ढिलाईच, मोजली जाते. तिथं काही नव्हतं. थाळी सरळ होती. फक्त मध्यावर नव्हती.

फ्लायव्हील उतरवून व्हर्निअर लावला. क्रँकचा खांदा आणि फ्लायव्हीलचा चकचकीत बोअर यांच्यात व्यासात ०.६ मिलीची फट. बोल्टांची भोकंही जुन्या आपटण्यानं लांबट झालेली, ती काही धरून ठेवत नव्हती. बसवताना फ्लायव्हील आपल्या वजनानं खाली लटकायचं, आणि त्या क्षणी क्रँक जिथं असेल त्या बाजूला सरकून आवळलं जायचं. म्हणून प्रत्येक वेळी वेगळं. क्रँक आणि पुलीमध्ये जे थोडंफार मूळचं असंतुलन होतं त्याच्या विरुद्ध बाजूला सरकलं तर थरथर निम्मी, त्याच बाजूला सरकलं तर दुप्पट.

आणि वाळूजचं मशीन? त्याचा मँड्रेल निमुळता, शंकूसारखा. कितीही मोठा बोअर असो, शंकू त्याला बरोबर मध्यावर धरतो. मशीनवर फ्लायव्हील स्वतःच्या मध्याभोवती फिरत होतं आणि तिथं ते खरोखर ओके होतं. इंजिनावर ते दुसऱ्याच मध्याभोवती फिरत होतं. कागदावरचे ४१ त्या मँड्रेलचे, माझ्या क्रँकचे नव्हेत.

रात्री जालन्याला परत येताना पिकअपमध्ये मी मोबाइलवर हिशोब मांडला. डायल गेजवर ०.६ म्हणजे केंद्र ०.३ मिली सरकलेलं, सुई दोन्ही बाजूंची बेरीज दाखवते. साडेसात किलो गुणिले ०.३: २२५० ग्रॅम-मिलिमीटर. परवानगी नव्वदची. आणि दर किलोला १२ ग्रॅम-मिलिमीटर याचा दुसरा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला: वस्तुमानाचं केंद्र १२ मायक्रॉनपेक्षा जास्त सरकू नये. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो. आम्ही वाळूजला बारा मायक्रॉनच्या आत आणायला पैसे मोजले आणि जालन्यात तीनशे मायक्रॉन सरकवून बसवलं. डायनोवर तर त्यात भर. प्लेट फ्लायव्हीललाच बसवलेली, त्याच्याबरोबर तीही सरकली. दोन्ही मिळून अकरा किलो, ३३०० ग्रॅम-मिलिमीटर, २७०० फेऱ्यांना सत्तावीस किलोची ओढ. त्यामुळंच प्लेट आणि शाफ्ट काढले की थरथर कमी व्हायची आणि आम्ही समजायचो की दोष थोडाथोडा सगळ्यांत आहे. गाडीत टाकलं असतं तर क्लच कव्हर असंच सरकलं असतं, रबरी माउंटिंगनं बरंचसं गिळलं असतं, आणि दोन-चार हजार किलोमीटरवर मागचं मेन बेअरिंग पुन्हा टकटक करायला लागलं असतं. चाचांनी तेव्हा बेअरिंगचे शेल बनवणाऱ्या कंपनीला शिव्या दिल्या असत्या.

निघण्याआधी मामांनी एक गंमत करून दाखवली होती, ती सांगायची राहिली. बोल्ट अर्धवट ढिले करून, लाकडी मोगरीनं फ्लायव्हीलच्या कडेला टिचक्या मारत, डायल गेज बघत त्यांनी ते मध्यावर आणलं. ०.६ चे ०.०५ झाले. मग बोल्ट आवळले, आणि आम्ही प्लेट-शाफ्ट न लावता रिकामं इंजिन फिरवलं. ३००० पर्यंत. ४५ ची शेंडी जवळजवळ नाहीशी झाली, ९० ची तेवढी उरली, ती पद्मिनीची स्वतःची. चाचांनी व्हॉल्व्ह कव्हरवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

भाचा म्हणाला, असंच ठेवू या की. मामांनी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा ते फक्त बोल्टांच्या दाबावर तरंगत होतं. क्लच दोनदा जोरात सोडला की पुन्हा सरकणार, आणि मूळची लाल पूड तिथूनच सुरू होते.

उपाय दोन. बोअर मोठा करून आत पोलादी बुश (कडं) ठोकायचा आणि परत मापात आणायचा, किंवा दुसरं फ्लायव्हील. चाचा बुशच्या बाजूनं होते. मी विरोधात गेलो. बोल्टांची भोकं आणि बोअर यांच्यात बीड उरतं किती, आणि त्यातच भोकं लांबट. ओतीव बीड ताणात अचानक तुटतं, वाकून सूचना देत नाही. पाच हजार फेऱ्यांना फ्लायव्हीलचा तुकडा सुटला तर तो गाडीच्या पत्र्यातून जातो, आणि ते माझ्या पायांच्या सरळ रेषेत असतं. बाकी कुठं काटकसर करा, इथं नको. चाचा दोन दिवस माझ्याशी कमी बोलले.

संभाजीनगरच्या भंगारात तीन पद्मिनींची फ्लायव्हीलं बघितली. या वेळी चमक बघितलीच नाही, खिशातला व्हर्निअर काढून बोअर मोजला. तिसऱ्याचा बोअर कुणीच हात न लावलेला, वर मळाचा थर, पण आत मूळचं माप. खांद्यावर ते नुसतं ठेवलं की बसेना, सरळ धरून तळहातानं दाबावं लागलं तेव्हा 'पुक' असा आवाज करून गेलं. तो आवाज ऐकून मामा हसले.

फेसिंग दुसऱ्या लेथवर, मी उभा राहून. बोअरला कापडही लावू दिलं नाही. क्लच कव्हर ज्या कडेवर बसतं ती आणि प्लेट घासते ती, दोन्ही बाजू सारख्याच कापायच्या असतात, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो. हेही बरेच लोक करत नाहीत. मग वाळूजला, त्याच बॅलन्सिंगवाल्याकडं. माफी मागितली नाही, पण पेढे नेले. आधी नुसतं फ्लायव्हील, मग त्यावर क्लच कव्हर बसवून दोन्ही एकत्र, आणि एकमेकांसमोर पंचची खूण, पुन्हा बसवताना त्याच जागी बसावं म्हणून. एकत्र ५२ ग्रॅम-मिलिमीटर आलं. त्याला मी मँड्रेलची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतली आणि म्हणाला, "आम्ही बोअर मोजत नाही, गिऱ्हाईक मोजून आणतं." खरं आहे. गिऱ्हाईक मी होतो.

तिसरी पाळी. नळ एक दिवस उशिरा आला. बसवल्यावर सगळ्यात आधी डायल गेज: ०.०४. २००० ला एक तास, मग हळूहळू वर. २७०० कधी गेले ते कळलं नाही, मी काट्याकडंच बघत होतो. ४५०० ला पूर्ण थ्रॉटल, काटा स्थिर, ३१ अश्वशक्ती. चाचांचा चेहरा पडला, कारण कंपनी चाळीसच्या आसपास सांगायची. सरांनी समजावलं की त्या दिवशी प्रयोगशाळेत ३८ अंश होते आणि शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरपेक्षा वर आहे; तापलेली, विरळ हवा इंजिनाला कमी मिळते. इंजिनाची ताकद मोजायच्या आयएसओ १५८५ च्या सूत्रानं दुरुस्ती साधारण आठ टक्के, म्हणजे साडेतेहेतीस. शिवाय नव्या रिंगा अजून बसायच्या आहेत, कार्ब्युरेटर जुनाच आहे. माझ्यापुरतं म्हणाल तर मी खूश होतो. आकडा कितीही असो, तो वाचता येत होता.

इंजिन गाडीत बसलं, जालन्याला आलं. सत्तरच्या पुढं स्टिअरिंगला अजून थोडी थरथर आहे. ती चाकांची आहे, टायर चार वर्षं एकाच जागी उभं राहून चपटे झालेत. चाचांच्या गॅरेजात जुनं फ्लायव्हील जॅकखाली पाट म्हणून वापरतात. त्याच्यावरचं पिवळं 'ओके' अजून वाचता येतं, आणि त्या लेथवाल्या पोराला चाचा चहा पाजत नाहीत.